बेलेनेन्सेस: नऊ खेळाडूंचा तो संघ आणि खरा क्लब

प्रश्न असा आला आहे: "२०२१ मध्ये बेनफिकाविरुद्ध नऊच खेळाडू घेऊन उतरलेला, मध्यंतरापर्यंत ०-७ ने मागे पडलेला आणि नंतर सामनाच थांबवावा लागलेला बेलेनेन्सेस हाच १९४६ चा पोर्तुगालचा फुटबॉल लीगविजेता का? आणि हल्ली तक्त्यांत बेलेनेन्सेस आणि बी-एसएडी अशी दोन नावं का दिसतात?"

आधी थेट उत्तर देतो. नाही, तो संघ १९४६ चा विजेता नव्हता. १९४६ चा विजेता क्लब त्या दिवशी, २७ नोव्हेंबर २०२१ रोजी, चौथ्या पातळीच्या स्पर्धेत खेळत होता आणि त्या नऊ जणांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. तरीही दुसऱ्या दिवशी जगभरच्या बातम्यांत नाव मात्र त्याचंच छापून आलं. क्लबची नोंदणी, मैदानांचे करार आणि स्पर्धेचे परवाने या कामात माझी पंचवीसेक वर्षं गेली आहेत. नवीन क्लबच्या सचिवांना करार समजावून सांगताना मी नेहमी याच क्लबचं उदाहरण देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेलेम हा लिस्बनचा नदीकाठचा पश्चिम भाग. इथल्याच रेस्टेलोच्या किनाऱ्यावरून ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची जहाजं हिंदुस्थानच्या दिशेने निघाली. त्या जहाजांच्या शिडांवर जो लाल क्रूस होता, 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट'चा, तोच बेलेनेन्सेसच्या बोधचिन्हावर आहे. बेलेमच्या एका चौकाला आफोन्सो द आल्बुकर्कचं नाव आहे आणि चौकात त्याचा उंच स्तंभावरचा पुतळा आहे. गोव्याचा इतिहास वाचलेल्या कोणालाही या वस्तीत फिरताना पावलोपावली ओळखीची नावं भेटतात. बेलेनेन्सेस या शब्दाचा अर्थ साधा आहे: बेलेमचे लोक, बेलेमकर.

या नावातच क्लबच्या जन्माचं कारण आहे. बेनफिका हा क्लबसुद्धा मुळात बेलेममध्येच, १९०४ साली तिथल्या एका औषधांच्या दुकानात स्थापन झाला होता. पुढे तो त्या भागातून हलला. बेलेमची पोरं फुटबॉल खेळायची, नाव मात्र दुसऱ्या वस्त्यांच्या क्लबचं व्हायचं. आर्तुर जोझे परेरा हा त्या काळचा पोर्तुगालमधला सर्वांत नावाजलेला खेळाडू. तो आधी बेनफिकाकडून खेळला, मग स्पोर्टिंगकडून, पण होता बेलेमचा. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी २३ सप्टेंबर १९१९ रोजी आपल्या वस्तीचा स्वतःचा क्लब काढला. स्थापनेची ही गोष्ट ध्यानात ठेवा. शंभर वर्षांनी झालेल्या भांडणाचा निकाल तिच्यातच आहे.

पहिल्या काही वर्षांतच या क्लबला स्वतःची एक म्हण मिळाली. २८ फेब्रुवारी १९२६ रोजी बेनफिकाविरुद्ध बेलेनेन्सेस १-४ ने मागे होता आणि शेवटची पंधराएक मिनिटं उरली होती. तिथून त्यांनी सामना ५-४ असा जिंकला. 'बेलेनेन्सेसची पंधरा मिनिटं' हा वाक्प्रचार तेव्हापासून पोर्तुगीज फुटबॉलमध्ये रूढ झाला. त्या सामन्यात अठरा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदाच खेळत होता आणि विजयाचा गोल त्यानेच केला. जोझे मानुएल सोआरेस त्याचं नाव, पण सगळे त्याला पेपे म्हणत.

पेपेबद्दल लिहिताना मला दर वेळी थोडं थांबावं लागतं. तो गरीब घरातला, कारखान्यात राबणारा मुलगा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये तो पोर्तुगालकडून खेळला. त्याच संघात बेलेनेन्सेसचाच ऑगस्टो सिल्वा होता. युगोस्लाव्हियाविरुद्ध अखेरच्या क्षणी विजयी गोल केल्यामुळे त्याला 'ॲमस्टरडॅमचा सिंह' म्हणू लागले. पेपे मात्र २४ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी गेला. घरच्या जेवणात चुकून विषारी पदार्थ पडला, असं कारण सांगितलं जातं. सालेसियास इथल्या क्लबच्या मैदानाला त्याचं नाव दिलं गेलं, त्याचं स्मारक उभं राहिलं आणि पुढे ते रेस्टेलोच्या नव्या मैदानावर आलं. एफसी पोर्टोचा संघ रेस्टेलोला खेळायला आला की आधी त्या स्मारकावर फुलं वाहायचा. प्रतिस्पर्धी क्लबने इतकी वर्षं पाळलेली अशी रीत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

पेपेच्या हयातीत आणि नंतर मिळून क्लबने 'पोर्तुगाल अजिंक्यपद' ही तेव्हाची बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा तीनदा जिंकली: १९२७, १९२९ आणि १९३३. म्हणजे बेनफिका, स्पोर्टिंग आणि पोर्टो या तिघांच्या बरोबरीने बेलेनेन्सेस हा चौथा मोठा क्लब होता. १९३८ मधली सालेसियासवरची एक घटना सांगायलाच हवी. स्पेनमध्ये तेव्हा यादवी युद्ध चाललं होतं आणि ३० जानेवारीला पोर्तुगालचा सामना जनरल फ्रँकोच्या बाजूच्या स्पेनशी होता. देशात सालाझारची हुकूमशाही होती आणि सामन्याआधी खेळाडूंनी हात लांब करून फॅसिस्ट सलाम द्यायचा होता. बेलेनेन्सेसच्या तिघांनी तो दिला नाही. आर्तुर क्वारेज्माने हात खालीच ठेवला, मारियानो आमारो आणि जोझे सिमोइश यांनी मूठ आवळली. राजकीय पोलिसांनी तिघांची चौकशी केली. त्याच सत्तेचा एक मोठा माणूस, आमेरिकू तोमाश, कधीकाळी या क्लबचा अध्यक्ष होता आणि पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. एकाच क्लबच्या छपराखाली ही दोन्ही टोकं होती. सभासदांचा क्लब असतो तो असाच, त्यात सगळी वस्ती येते.

आता १९४५-४६ चा मोसम. प्रशिक्षक होता तोच ॲमस्टरडॅमचा सिंह, ऑगस्टो सिल्वा. आमारो आणि क्वारेज्मा अजून संघात होते. मागे गोलरक्षक कापेला आणि त्याच्या पुढे वास्को व फेलिसियानो हे दोघे बचावपटू. या तिघांना लोक 'बेलेमचे बुरूज' म्हणत, नदीकाठच्या त्या प्रसिद्ध बुरुजावरून. बारा संघ, प्रत्येकी २२ सामने, आणि विजयाला तेव्हा दोनच गुण. बेलेनेन्सेसने १८ सामने जिंकले, दोन बरोबरीत सोडवले, दोन हरले. एकूण ३८ गुण. बेनफिका ३७ वर. शेवटचा सामना स्पेनच्या सरहद्दीजवळच्या एल्वास गावात होता आणि जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिथे आधी गोल खावा लागला, पण सामना २-१ ने जिंकला.

या विजेतेपदाचं मोल समजण्यासाठी एकच गोष्ट पुरेशी आहे. पोर्तुगालच्या लीगला नव्वद वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात तीन मोठ्या क्लबांबाहेरचा विजेता फक्त दोनदा झाला: १९४६ मध्ये बेलेनेन्सेस आणि २००१ मध्ये पोर्टो शहरातला बोआविश्ता. त्या काळी या क्लबची पत एवढी होती की १४ डिसेंबर १९४७ रोजी माद्रिदमधलं आजचं बेर्नाबेऊ मैदान सुरू झालं, तेव्हा रेआल माद्रिदने उद्घाटनाच्या सामन्याला बोलावलं ते बेलेनेन्सेसलाच.

दुसरं विजेतेपद नऊ वर्षांनी अगदी हातात आलं होतं. मोझांबिकमधल्या लोरेन्सो मार्केसहून, म्हणजे आजच्या मापुतोहून, १९५१ साली सेबास्तियाओ लुकास दा फोन्सेका नावाचा आघाडीपटू आला. मातातेउ या नावाने तो ओळखला गेला. १९५२-५३ आणि १९५४-५५ अशा दोन मोसमांत लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच. मोझांबिकचाच प्रसिद्ध खेळाडू युझेबियो लिस्बनमध्ये आला त्याच्या जवळजवळ दहा वर्षं आधीची ही गोष्ट आहे. आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूंवर पोर्तुगालने जे प्रेम केलं, त्याची वाट मातातेउने पाडली असं मी मानतो. त्याचं नाव मागे पडलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२४ एप्रिल १९५५, मोसमाचा शेवटचा दिवस. सालेसियासवर स्पोर्टिंगविरुद्ध बेलेनेन्सेस २-१ ने पुढे. जिंकलं की अजिंक्यपद. चार मिनिटं उरली असताना स्पोर्टिंगच्या मार्टिन्सने बरोबरी साधली. बेनफिका आणि बेलेनेन्सेस यांचे गुण समान झाले आणि आपापसातल्या सामन्यांच्या हिशेबावर बेनफिका विजेता ठरला. स्पोर्टिंगला त्या गोलाने काहीच मिळणार नव्हतं. बेलेममधली म्हातारी माणसं ती चार मिनिटं आपल्या घरात घडल्यासारखी सांगतात, आणि ती सांगताना अजूनही त्यांचा आवाज उतरतो.

घसरण इथूनच सुरू झाली असं पुष्कळ जण म्हणतात. माझं मत वेगळं आहे. कामामुळे माझी नजर आधी मैदानावर, म्हणजे मालमत्तेवर जाते. शहराच्या नव्या आखणीत सालेसियासचं मैदान गेलं. क्लबने रेस्टेलोच्या चढावर जुन्या दगडखाणीच्या जागी नवं मैदान बांधलं आणि ३७ व्या वाढदिवशी, २३ सप्टेंबर १९५६ रोजी ते खुलं केलं. तिथल्या गॅलरीतून मैदानापलीकडे तेजू नदीचं पात्र दिसतं. युरोपातल्या फार थोड्या मैदानांना असं दृश्य लाभलं आहे. पण या मैदानाचं कर्ज क्लबच्या ताकदीबाहेरचं होतं. साठच्या दशकात मैदान महापालिकेच्या ताब्यात गेलं आणि ते परत मिळवण्यात क्लबची कित्येक वर्षं गेली. नेमक्या याच काळात बेनफिका दोनदा युरोपचा विजेता झाला. ज्या वर्षांत मोठे क्लब युरोपच्या कमाईवर उभे राहिले, त्या वर्षांत बेलेनेन्सेस हप्ते फेडत होता. चौथा मोठा क्लब तिथे मागे पडला.

खेळाडू मात्र घडत राहिले. मातातेउचा धाकटा भाऊ विसेंते आणि गोलरक्षक जोझे परेरा हे दोघेही १९६६ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या पोर्तुगाल संघात होते. पेलेला रोखण्यासाठी सर्वांत योग्य बचावपटू म्हणून विसेंतेचं नाव घेतलं जायचं. त्याच वर्षी मोटार अपघातात त्याचा एक डोळा गेला आणि खेळ संपला. १९८२ मध्ये क्लब पहिल्यांदाच खालच्या विभागात गेला, मग परत आला. १९८९ मध्ये जामोरच्या राष्ट्रीय मैदानावर, त्या वर्षीच्या लीगविजेत्या बेनफिकाला २-१ ने हरवून पोर्तुगीज चषक जिंकला. १९४२ आणि १९६० नंतरचा हा तिसरा चषक, आणि आजवरचा शेवटचा.

जामोर हे नाव लक्षात असू द्या.

आता दोन नावांचा मूळ मुद्दा. पोर्तुगालमध्ये व्यावसायिक लीग खेळायची तर फुटबॉल संघासाठी वेगळी कंपनी लागते. क्रीडा समभाग कंपनी, तिथल्या भाषेत तिची आद्याक्षरं एसएडी. जुना क्लब ही सभासदांची संस्था राहते. रग्बी, हँडबॉल, पोहणं, मुलांचे संघ, मैदान, बोधचिन्ह हे सगळं तिचं. व्यावसायिक संघ, खेळाडूंचे करार आणि लीगमधली जागा कंपनीकडे जाते. दोघांमध्ये एक करार असतो: कंपनीचा संघ क्लबच्या नावाने, क्लबच्या रंगात, क्लबच्या मैदानावर खेळेल.

२०१० मध्ये बेलेनेन्सेस पुन्हा खाली गेला होता आणि कर्ज डोक्यावर होतं. २०१२ मध्ये कंपनीचे ५१ टक्के समभाग कोडसिटी या गुंतवणूकदार कंपनीला विकले गेले. सुरुवातीला खेळाच्या अंगाने सगळं ठीक चाललं. २०१३ मध्ये संघ वरच्या विभागात आला, २०१५ मध्ये युरोपा लीगच्या गटात खेळला. पण समभाग परत विकत घेण्याचा जो हक्क क्लबने भागधारकांच्या करारात राखून ठेवला होता, त्यावरून वाद पेटला. करार मोडला, प्रकरण लवादाकडे गेलं आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मग मैदान आणि नाव वापरण्याच्या कराराची मुदतही २०१८ च्या जूनमध्ये संपली.

पुढे जे झालं ते या धंद्यातल्या माणसालाही पटकन खरं वाटत नाही. कंपनी आपला संघ आणि पहिल्या विभागातली जागा घेऊन जामोरच्या राष्ट्रीय मैदानावर गेली. क्लबच्या हाती मैदान उरलं, क्रूस उरला, सभासद उरले, पण संघ उरला नाही. तेव्हा क्लबने नवा संघ नोंदवला आणि लिस्बन जिल्हा संघटनेच्या सर्वांत खालच्या विभागातून सुरुवात केली. ज्या रेस्टेलोवर बार्सिलोना खेळून गेला, तिथे आता वाड्यावस्त्यांचे हौशी संघ येऊ लागले. आणि लोक या संघाकडे आले! जिल्हा पातळीच्या सामन्याला एरवी कुणी कल्पनाही करणार नाही एवढी माणसं गॅलरीत बसू लागली. पहिल्या विभागात बेनफिका-पोर्टोशी खेळणारा कंपनीचा संघ मात्र जामोरच्या अवाढव्य, रिकाम्या मैदानात खेळत राहिला. नाव आणि क्रूस कोणाचे, हा प्रश्न न्यायालयात गेला आणि ते क्लबचेच ठरले. कंपनीला वेगळं चिन्ह घ्यावं लागलं आणि तक्त्यांत ती बी-एसएडी म्हणून दिसू लागली.

२०२१ चा तो सामना या बी-एसएडीचा होता. कोविडने संघ आडवा झाला होता, नऊ जण उभे करता आले, त्यातले दोन गोलरक्षक. दुसऱ्या अर्धात सातच जण परतले, त्यातला एक जागेवर बसला, आणि सातपेक्षा कमी खेळाडू उरले की सामना थांबवायचा या नियमाप्रमाणे पंचांना ४८ व्या मिनिटाला तो संपवावा लागला. त्या नऊ खेळाडूंना मी दोष देत नाही. त्यांना त्या दिवशी मैदानात उतरवायलाच नको होतं, असं माझं ठाम मत आहे.

त्या मोसमाअखेर बी-एसएडी पहिल्या विभागातून घसरला, पुढच्या मोसमाअखेर, २०२३ मध्ये, दुसऱ्यातूनही. आणि बरोबर त्याच उन्हाळ्यात जुना क्लब तळापासून पायरी पायरी चढत दुसऱ्या विभागात पोचला. पाच वर्षांत दोघांची वाट अशी एकमेकांना छेदून गेली. बी-एसएडीने नंतर कोव्हा दा पिएदादे या दुसऱ्या क्लबशी जुळवून घेतलं. बेलेनेन्सेसचा मुक्काम दुसऱ्या विभागात एकच मोसम टिकला, २०२४ मध्ये तो तिसऱ्यात परतला. व्यावसायिक पातळीवर टिकायला पैसा लागतो, आणि इतकं पोळल्यावर सभासद आता कोणत्याही गुंतवणूकदाराकडे जपूनच पाहणार. दुसरा बाहेरचा विजेता बोआविश्ता, तोही २०२५ मध्ये पहिल्या विभागातून घसरला आणि परवान्याअभावी व्यावसायिक फुटबॉलच्याच बाहेर गेला.

मला हे प्रकरण इतकं जवळचं का वाटतं, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका क्लबच्या सचिवांनी मला त्यांच्या गुंतवणूकदाराशी केलेला करार दाखवला, सही झाल्यानंतर. चाळीस पानांत संघ कोणाचा, पैसे किती, जाहिरात कोणाची हे सगळं होतं. फारकत झाली तर नाव, चिन्ह आणि लीगमधली जागा कोणाकडे जाईल, याबद्दल एक ओळही नव्हती. दोन मोसमांत फारकत झालीच. क्लबकडे चषकांचं कपाट उरलं, पण स्पर्धेत उतरायला जागा उरली नाही, आणि जिल्ह्याच्या खालच्या विभागातून सुरुवात करण्याएवढी माणसंही त्यांच्यामागे उभी राहिली नाहीत. बेलेनेन्सेसचे सभासद उभे राहिले. क्लब ९९ वर्षांचा असताना त्यांनी तो शून्यातून पुन्हा बांधायला घेतला.

तुमच्या तक्त्यांच्या प्रश्नासाठी हिशेब असा ठेवा. जून २०१८ पर्यंतचं सगळं, १९४६ चं अजिंक्यपद आणि तिन्ही चषक धरून, क्लबच्या नावावर वाचा. २०१२ ते २०१८ संघ कंपनी चालवत होती, पण तो क्लबच्या नावाने आणि क्रूस लावून खेळला, म्हणून ती वर्षंही मी क्लबकडेच धरतो. यावर मतभेद आहेत आणि ते मला मान्य आहेत. २०१८-१९ पासून पहिल्या विभागात 'बेलेनेन्सेस' दिसला तर ती कंपनी, म्हणजे बी-एसएडी. जिल्हा विभागात दिसला तर तो खरा बेलेनेन्सेस. काही जुन्या संगणकीय नोंदींत ही दोन्ही नावं अजून एकत्र मिसळलेली आहेत, तेव्हा मैदानाचं नाव पाहा. घरचा सामना रेस्टेलोवर असेल तर क्लब, जामोरला असेल तर कंपनी.

आणि कधी लिस्बनला गेलात तर १५ नंबरची ट्राम पकडून बेलेमला उतरा. जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर पाहायला सगळेच जातात. तिथून मागच्या बाजूने चढ चढत वर गेलं की दहा-पंधरा मिनिटांत रेस्टेलो मैदान लागतं. आत पेपेचं स्मारक आहे. जाताना चार फुलं घेऊन जा.